बाबल्याची गाठ

काशीनाथ सावे सकाळी नऊ वाजता डहाणूहून निघाले तेव्हा त्यांच्या पिशवीत नेहमीच्याच वस्तू होत्या: निऑनचा टेस्टर, तारेभोवती जबडा मिटवून प्रवाह मोजायचा टाँग टेस्टर, रबरी हातमोजे, पाण्याची बाटली, दोन रुमाल आणि प्लास्टिकच्या पाकिटात घडी घालून ठेवलेले परवानगीपत्र. चाळीस वर्षे विजेची ठेकेदारी केलेला हा माणूस आयुष्यात कधी टेस्टर विसरला नव्हता आणि कधी वाद हरला नव्हता. दोन्ही गोष्टींचा त्यांना सारखाच अभिमान होता.

काम साधे होते. निदान कागदावर तरी साधे होते. नव्या रस्त्यासाठी उधव्याजवळचे विजेचे नऊ खांब काढले गेले होते आणि नवे उभे राहायला महिना लागणार होता. तोवर पलीकडचा मोहपाडा विजेवाचून. अंधाराची तक्रार पाड्याने फारशी केली नाही. पण विहिरीवरच्या दोन्ही मोटारी थांबल्या आणि मे महिन्याच्या उन्हात बाया हंडे घेऊन टेकडीपलीकडे जाऊ लागल्या, तेव्हा ग्रामपंचायतीने सावेंना विचारले. सावेंनी उपाय सुचवला. पाड्यापासून सव्वादोन किलोमीटरवर, बंद पडलेल्या खडी क्रशरच्या आवारात एक रोहित्र आहे. रोजच्या कामात ते तारांवरच्या अकरा हजार व्होल्टांचे चारशे करते. त्याच्या चारशेच्या बाजूला जनरेटर जोडला, तर तेच रोहित्र उलट चालते आणि चारशेचे अकरा हजार करून तारांवर चढवते. पाड्यातले दुसरे रोहित्र ते पुन्हा खाली उतरवते. रोहित्राला सुलटे-उलटे कळत नाही. ज्या बाजूने द्याल त्या बाजूने ते घेते. एवढे कोणत्याही पहिल्या वर्षाच्या पुस्तकात लिहिलेले असते, आणि त्यामुळे वीज कार्यालयाने लेखी मान्यता द्यायला चार दिवसही लावले नाहीत.

अडचण होती ती पुस्तकातली नव्हती. याच रोहित्राच्या लाइनवर पंधरा वर्षांपूर्वी बाबल्या नावाचा लाइनमन मेला होता.

तेव्हा लाइन उपकेंद्रातून रीतसर बंद केलेली होती. बाबल्या क्रशरपासून सातव्या खांबावर चढला होता. वर पोहोचून त्याने तारेला हात घातला, आणि बंद लाइनने त्याला धरले. क्रशरवर त्याच आठवड्यात एक जनरेटर बसला होता, आणि तो सावेंनी बसवला होता. त्यामुळे चौकशीत प्रश्न त्यांना विचारला गेला. सावेंनी उत्तरादाखल तीन पानांची आकडेमोड सादर केली. जनरेटरची ताकद पंधरा केव्हीए, रोहित्राची त्रेसष्ट. एवढे मोठे रोहित्र एकाएकी जोडले, की क्षणभर ते आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या आठ-दहा पट ओढते. त्या धक्क्याने लहान यंत्राचा दम तिथल्या तिथे तुटेल, व्होल्टेज वर चढण्याचा प्रश्नच येत नाही. तिन्ही पाने तपासली गेली. चूक सापडली नाही. मग अहवालात असे आले, की मृताने खांबावर चढण्यापूर्वी तारा जमिनीशी जोडणारी अर्थिंगची साखळी टाकली नाही. सबब अपघात त्याच्याच निष्काळजीपणामुळे घडला. तारेवर आलेली वीज मग कुठून आली, हे अहवालाने विचारले नाही.

आकडेमोड खरोखरच बिनचूक होती. तिच्यात चूक एकही नव्हती. फक्त एक ओळ नव्हती.

क्रशरच्या आवारात आता घाणेरीची झुडपे माजली होती. खडीचे ढीग उन्हात पांढरे पडले होते आणि लांबवर महालक्ष्मीचा सुळका धुरकट हवेत अर्धाच दिसत होता. अच्छाडचा प्रविण आपल्या टेंपोसह आधीच येऊन थांबला होता. पन्नाशीचा, पोट सुटलेला, लग्नांना आणि जत्रांना जनरेटर पुरवणारा गृहस्थ. त्याच्या प्रत्येक वाक्याचा शेवट हसण्यात व्हायचा.

टेंपोतल्या यंत्राकडे पाहून सावे थांबले. "हा किती केव्हीएचा?"

"पंधरा."

"मी तीसचा सांगितला होता."

"तीसवाला उंबरगावला वरातीत गेलाय, साहेब. डीजेला तीस लागतो. पाणी प्यायला पंधरा पुष्कळ." प्रविण हसला. "चालशे, साहेब, चालशे."

पंधरा. हाच आकडा त्या तीन पानांवर त्यांच्या हाताने अकरा वेळा लिहिला गेला होता.

रोहित्राचे दोन खांब आणि त्यांच्या बुडाशी असलेला स्विचचा लोखंडी दांडा यांभोवती जाळीचे कुंपण होते, आणि कुंपणाला कडीचे फाटक. फाटकाशी, खजुरीच्या तुटपुंज्या सावलीत, एक बाई बसली होती. केस पिकलेले, लुगडे गुडघ्यापर्यंत खोचलेले, पाय अनवाणी. पंचायतीने तिला जनरेटरची राखण करायला बसवले होते.

"ओळखलंत काय, शेट?" ती म्हणाली.

सावेंनी ओळखले होते. चौकशीच्या दिवशी ही बाबल्याची बायको तहसील कचेरीच्या व्हरांड्यात एका मुलीला मांडीवर घेऊन बसली होती आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या पायांकडे पाहत होती. "जिवली," ते म्हणाले. "मुलगी कशी आहे?"

"रूपी? पाड्यात मोटरीवर तीच असते. पंचायतीनं ठेवलीय. फोन करेल ती तुम्हाला, मीटर वाचून दाखवायला." मग थोडे थांबून, सहज बोलावे तसे, ती म्हणाली, "बापाचं काम मुलीला आलं."

सावे फाटक उघडून आत गेले. दांड्यासमोर त्यांनी रबरी चटई अंथरली. हातभर रुंद, दीड हात लांब. मग त्यांचे लक्ष दांड्याकडे गेले.

दांड्याला एक फडके बांधलेले होते. कधीकाळी ते लाल असावे. आता त्याचा रंग वाळलेल्या कोकमासारखा झाला होता, पण गाठ घट्ट होती, आणि तिची दोन्ही टोके डावीकडे वळलेली होती.

या भागातल्या लाइनमनांची ही रीत जुनी. परमिटाचा कागद कचेरीत राहतो आणि कागद वाचणारे लाइनवर चढत नाहीत. म्हणून खांबावर चढणारा माणूस आधी स्विचच्या दांड्याला आपले लाल फडके स्वतःच्या हाताने बांधतो. त्याचा अर्थ एवढाच, की लाइनवर माणूस आहे. काम झाले की उतरून ज्याने बांधले त्यानेच सोडायचे. दुसऱ्याने हात लावायचा नाही, मग तो साहेब का असेना. बाबल्या उतरला तो चौघांच्या हातांवर. त्याचे फडके सोडणारा कोणी उरला नाही. नंतर लाइन पुन्हा चालू झाली, स्विच शेकडो वेळा उघडला-मिटला, पण ज्याने त्याने दांडा फडक्याच्या वरच्या बाजूने धरला आणि फडके तसेच ठेवले.

सावेंनी खिशातला चाकू काढला.

"शेट," कुंपणाबाहेरून जिवली म्हणाली, "त्यानं बांधलेलं आहे ते."

"ठाऊक आहे. म्हणूनच ते इथे असता कामा नये." वादाचा मुद्दा दिसला, की सावेंचा आवाज आपोआप स्थिर होई. "लाइनवर माणूस नसताना माणूस असल्याची खूण ठेवली, तर उद्या खऱ्या खुणेवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. खोटी खूण ही खूण नसण्यापेक्षा वाईट."

"नसताना," जिवली म्हणाली. तिने तो शब्द जिभेवर ठेवून पाहिल्यासारखा उच्चारला.

चाकू फडक्यातून गेला. गाठ सुटली नाही. गाठीसकट फडके कुंपणाच्या खाली जाऊन पडले. जिवलीने जाळीखालून हात घालून ते उचलले आणि कमरेला खोचले.

यंत्र टेंपोतून खाली उतरवले, आणि साडेअकरा वाजता केबल रोहित्राच्या चारशेच्या बाजूला जोडून झाली. प्रविण इंजिनाच्या दोरीला हात घालणार, तोच सावेंनी त्याला थांबवले. "दुसरे टोक जनरेटरला आत्ताच जोड. मग इंजिन चालू कर."

"आधी मशीन, मग लोड, असं शिकवलंय आम्हाला."

"आज उलट. मशीन चालू होऊन मग रोहित्र जोडले, तर ते झटका देईल आणि तुझे यंत्र बंद पडेल. आधीच जोडलेले असेल, तर इंजिन जसे वेग घेईल तसे व्होल्टेज हळूहळू चढेल. रोहित्राला धक्का कळतच नाही."

हीच ती ओळ होती. सावेंनी ती वाक्ये एका दमात, सरावाच्या सुरात म्हटली, आणि म्हणून झाल्यावर त्यांना जाणवले, की ती मोठ्याने म्हणण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

जिवली जाळीला कपाळ टेकून ऐकत होती. "म्हणजे लहान मशीननंही वर चढते वीज?"

"रीतीने केले तर."

"आणि कोणी रीत म्हणून नाही केलं, असंच जोडून ठेवलं, तर?"

सावेंनी टाँग टेस्टरची बॅटरी तपासायला घेतली. ती त्यांनी सकाळीच तपासली होती.

आधी स्विच, मग इंजिन. सावेंनी हातमोजे घातले, चटईवर उभे राहून दांडा ओढला, वरचा स्विच मिटला, आणि मग प्रविणचे इंजिन धडधडले. रोहित्रातून तो परिचित घुमारा उठला, आधी पोटातल्या पोटात, मग खांबांतून, मग पायांखालून. यंत्र जराही दबले नाही. पंधरा केव्हीएच्या त्या यंत्राने त्रेसष्टचे रोहित्र असे उचलले, की जणू ते वाटच पाहत होते.

सावेंनी केबलभोवती टाँग टेस्टरचा जबडा मिटवला. पाड्याकडे काहीच चालू नसताना रोहित्र आणि लाइन मिळून दोन अँपिअर घेतील, असा त्यांचा हिशेब होता. आकडा स्थिरावला: सहा पूर्णांक तीन.

त्यांनी जबडा उघडला, पुन्हा मिटवला. सहा पूर्णांक तीन.

फोन वाजला. "सर, मी रूपी. मीटरवर चारशे चाळीस दिसतंय."

"नीट पाहा. चारशेच्या थोडे वर असायला हवे."

"चारशे चाळीस, सर. दोनदा बघितलं."

सावे मनात ताळा करू लागले. उलट चालवलेले रोहित्र नेहमी थोडे कमीच देते. त्याचे वेढे सुलट्या कामासाठी मोजलेले असतात. शंभर कोसांच्या लाइनच्या शेवटी व्होल्टेज वाढते हे खरे. सव्वादोन किलोमीटरच्या लाइनच्या शेवटी नाही. इथून गेले होते चारशे पंधरा. वाटेत पंचवीस वाढले होते, आणि वाटेतच कोणीतरी चार अँपिअर घेत होते. एकाच वाटेवर कोणी देतही होते आणि घेतही होते.

"मोटर लावू नकोस," त्यांनी सांगितले. "मी इथून बंद करतोय. लाइन पाहिल्याशिवाय नाही."

त्यांनी दांडा उलटा ओढून स्विच उघडला, प्रविणला इंजिन बंद करायला लावले, केबलची दोन्ही टोके सोडवून घेतली. आता रोहित्र दोन्ही बाजूंनी सुटे होते. प्रविण म्हणाला, तो तेवढ्यात अच्छाडला जाऊन डिझेल आणि काहीतरी खायला घेऊन येतो. नाक्यावर ट्रकांची रांग असेल, तास-दोन तास लागतील. टेंपोची धूळ खाली बसली. सावे कुंपणात परत येऊन चटईवर उभे राहिले, घामाने चिकटलेले हातमोजे काढले आणि पायाशी ठेवले.

तेव्हा त्यांच्या ध्यानात आले, की घुमारा थांबलेला नाही.

तो मोठा नव्हता. पण होता, आणि एकसुरी होता. सावेंनी मान वर केली. स्विचची पाती उघडी होती; तिन्ही पात्यांमधून निळे आभाळ दिसत होते. केबल जमिनीवर वेटोळे घालून पडली होती.

फोन पुन्हा वाजला. "सर, तुम्ही बंद केलं म्हणालात ना? मीटर अजून चारशे चाळीस आहे."

"काटा अडकला असेल. काचेवर टिचकी मार."

पलीकडून नखाचा आवाज आला. "मारली. हलला, आणि परत तिथंच आला."

बारा वाजून पस्तीस मिनिटे झाली होती. उन्हात कशाचीही सावली उरली नव्हती. सावेंनी नियमाप्रमाणे प्रत्येक वस्तू तपासायचे ठरवले. त्यांनी टेस्टरच्या टोकावर बोट ठेवून दुसरे टोक दांड्याला लावले. भर उन्हातही निऑनचा नारिंगी ठिपका स्पष्ट पेटला. त्यांनी हात लांबवून कुंपणाच्या जाळीला टेस्टर लावला. पेटला. वाकून फाटकाच्या चौकटीला लावला. पेटला.

म्हणजे कुंपण जिवंत होते. वरून कुठेतरी गळती होऊन जाळी जिवंत झाली होती आणि ते तिच्या आत होते. ठीक. असे होऊ शकते. चटईवरून हलायचे नाही, कशाला हात लावायचा नाही, प्रविणची वाट पाहायची. त्यांनी श्वास सावकाश घेतला.

"शेट, पाणी हवं काय?"

जिवली कुंपणाशी उभी होती. दोन्ही हातांनी तिने जाळी धरली होती. पाय तापल्या मातीवर, अनवाणी.

"सोड! जाळी सोड!"

"का?" तिने हात काढले नाहीत. एक हात सरकवून तिने वरचा पाइप धरला. "तापलीय थोडी. बाकी काय?"

सावे तिच्या बोटांकडे पाहत राहिले. मग त्यांनी टेस्टर तिच्या हातापासून वीतभर अंतरावर जाळीला लावला. ठिपका पेटला. ती तिथेच उभी होती. डोळ्यांची पापणीही हलली नाही.

एक जागा तपासायची राहिली होती. खांबाच्या बुडाशी जमिनीत गेलेली अर्थिंगची लोखंडी पट्टी. ती जिवंत असू शकत नाही, कारण ती म्हणजे जमीनच. सावेंनी खाली बसून टेस्टर पट्टीला लावला.

ठिपका कधी नव्हे इतका लख्ख पेटला.

ते बसल्या जागी विचार करू लागले. विचार करणे त्यांना कधीच अवघड गेले नव्हते. निऑनचा दिवा एवढेच सांगतो, की त्याच्या दोन टोकांत फरक आहे. जिवंत टोक कोणते, ते तो सांगत नाही. एका टोकाला वस्तू असते, दुसऱ्याला माणूस, आणि माणूस आपण जमिनीसारखेच आहोत असे धरून चालतो.

त्यांनी रुमाल बाटलीतल्या पाण्यात भिजवला आणि एका कोपऱ्याला धरून चटईच्या कडेवरून खाली सोडला. टोक खडीपासून बोटभर वर असताना चट् असा आवाज झाला. निळी ठिणगी. जळलेल्या कापसाचा वास. हातावरचे केस ताठ उभे राहिले होते, आणि त्यांनी रुमाल टाकून दिल्यावरही ते बसले नाहीत.

मग त्यांनी टाँग टेस्टर उचलला आणि त्याचा जबडा स्वतःच्या डाव्या मनगटाभोवती मिटवला.

सहा पूर्णांक तीन.

जिवली हे सगळे पाहत होती. बराच वेळ गेला. चटईचे रबर उन्हाने मऊ होऊन बुटांना चिकटू लागले. कुंपण हातभरच लांब, फाटक पाऊलभर पुढे, पण मधे सगळी जमीनच. पाड्यातला एक बैल आला, जाळीला पाठ घासून निघून गेला.

"पंधरा वर्षं झाली," जिवली म्हणाली. "रूपी दुसरीत होती. मास्तर तिला म्हणाले, तुझा बाप घाईनं मेला. मी म्हटलं, घाई? भाकरीवर बसला की दोन घटका उठायचा नाही तो. लग्नातही उशिरा आला होता." ती हसली आणि हसू तिथेच थांबले. "कचेरीत म्हणाले, शेटनी कागदावर दाखवलंय, वीज उलटी चढतच नाही. मग मी पण तेच म्हणायला लागले. आज बघितलं, चढते."

सावेंनी मनगटावरचा आकडा पुन्हा वाचला.

"या बाहेर. ऊन लागेल." तिने कडी काढली, फाटक ढकलले आणि आत पाऊल टाकले. उजवा हात पुढे केला. "या, मी धरते."

तो हात सावेंपासून वीतभर अंतरावर होता. तळव्यावर मातीच्या रेषा होत्या. सावेंना स्वच्छ दिसले, की इथे दोनच गोष्टी संभवतात. ती तीन पाने खोटी असतील, तर वीज त्यांच्याच अंगात आहे आणि हा हात लागला की जिवली मरेल. ती खरी असतील, तर यंत्र बंद आहे, वीज कुठेच नाही, आणि या हाताला काही होणार नाही. काहीही न बोलता तो हात धरायचा होता. आयुष्यभर जे म्हटले, तेच पुन्हा म्हणायचे होते.

हात आणखी चार बोटे जवळ आला.

"हात लावू नकोस!"

जिवली थांबली. "का?"

"मरशील."

"कशानं?"

घुमारा सुरूच होता. सावेंचा आवाज आला तो चौकशीतल्यासारखाच, स्वच्छ आणि क्रमवार. "त्या दिवशी केबल आधीच जोडलेली होती. जनरेटर जोडताना लाइन तोडून टाकणारा स्विच वापीहून यायचा होता. मी थांबलो नाही. मशीन मी चालू केले. त्यामुळे ते हळूहळू चढले. धक्का बसला नाही, यंत्र बंद पडले नाही. वरचा स्विच मिटलेलाच होता, पण फ्यूज काढलेले असतील असे मी धरून चाललो."

"बघितलं नाहीत?"

"नाही."

"आणि फडकं?"

आता वाद घालायला जागा नव्हती. दांडा तेव्हाही याच जागी होता, जनरेटरपासून वीस पावलांवर.

"दिसले होते," सावे म्हणाले.

जिवलीने हात मागे घेतला. ती रडली नाही, ओरडली नाही. घरातली एखादी वस्तू पुष्कळ वर्षांनी जागेवर सापडावी तशी ती क्षणभर उभी राहिली. मग मागे पाऊल टाकत बाहेर गेली, फाटक लावले, कडी घातली. कमरेचे फडके काढले. बाबल्याची गाठ तशीच होती; कापल्याने ती सुटली नव्हती. गाठीच्या मागची कापलेली टोके तिने कडीत ओवली आणि आपली दुसरी गाठ मारली.

"हे काय करतेस?"

"लाइनवर माणूस आहे ना," ती म्हणाली. "बांधायलाच लागतं."

"सोडशील कधी?"

तिने दोन्ही गाठींकडे पाहिले, जणू त्यांतली कोणती कोणाची हे ती ठरवत होती. "पाड्यात जाते. पाणी भरायचंय." आणि ती खडीच्या ढिगांमधून मोहपाड्याच्या वाटेला लागली. घाईने नाही.

तीन वाजता प्रविणचा टेंपो आला आणि रस्त्याच्या कडेलाच थांबला. प्रविण उतरला, चार पावले चालला, फाटकावरचे फडके त्याला दिसले, आणि तो तिथेच उभा राहिला. अच्छाड ते उधवा, या वाटेवरच्या कोणालाही त्या फडक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

"साहेब," त्याने हात तोंडाशी धरून हाक मारली, "लाइनवर कोण आहे?"

कोणी नाही, आत ये, असे म्हणणे सोपे होते. प्रविण आला असता. त्याने हात धरला असता.

"मी," सावे म्हणाले.

प्रविण हसला. "तुमचं बोलणं, साहेब! होऊ द्या, होऊ द्या सावकाश. मी बसलोय." टेंपोच्या सावलीत त्याने पेपर अंथरला आणि पुडक्यातला वडापाव सोडला.

घुमारा आता बदलला होता. त्यातला खरखरीतपणा गेला होता. टाँग टेस्टर सावेंच्या मनगटाला तसाच होता. तो काढायचे त्यांना सुचले नव्हते.

फोन वाजला.

"सर, काटा आता चारशे पंधरावर आलाय. एकदम बरोबर. हलत पण नाही." रूपीच्या मागे हंड्यांचा आवाज होता, पोरांचा कालवा होता, आणि कोणीतरी बाई कोणाला तरी रांगेत उभी राहा म्हणून दटावत होती. "आई आली आत्ता. ती म्हणते, मोटर लाव. लावली, सर."

सावेंनी मनगटाकडे पाहिले. सहा पूर्णांक तीनचे तेरा झाले.

"पाणी आलं! काय जोर आहे, सर! बंद नका करू हां. महिनाभर असंच राहू दे." तिने फोन बाजूला धरून कोणाला तरी काही विचारले आणि पुन्हा कानाशी आणला. "आई म्हणते, दुसरी मोटर पण लाव."

सावेंनी तोंड उघडले. पलीकडे फोन बंद झाला होता.

तेराचे वीस झाले.